कोणी सांडलं?



पुष्कळ दिवसांनी लिहायला बसलो आहे. निमित्त तसं किरकोळ आहे. लाकूड कापायचं एक मशीन, त्यातून गळलेलं अर्धा पाव तेल आणि खराब झालेली ज्वारीची एक गोणी. पण त्यात माझ्या हातून एक चूक झाली, आणि ती लिहून काढल्याशिवाय मनातून जाईल असं दिसत नाही. शिवाय ज्यांच्या घरी असं मशीन असेल त्यांना थोडा उपयोगही होईल.

आधी ओळख करून देतो, म्हणजे नवीन वाचकांचा गोंधळ नको. निवृत्तीनंतर आम्ही दोघं नगरला सावेडीत राहतो. (२०२४ मध्ये नगरचं अहिल्यानगर झालं. कागदावर मी तेच लिहितो, पण तोंडात सत्तर वर्षांचं नगर बसलेलं आहे, ते आपोआप येतं.) गावची शेती पारनेर तालुक्यात, जिरायत. पाऊस चांगला झाला तर ज्वारी, बेताचा झाला तर नुसता कडबा, आणि झालाच नाही तर बांधावर उभं राहून यायचं. पंधरा दिवसांतून एकदा मी एसटीने जाऊन येतो. शेतात पत्र्याची एक खोली आहे. अवजारं, बियाणं, पाइपांची वेटोळी, सगळं त्यातच.

या खोलीमागे एक गावरान आंबा होता. १९७२ च्या दुष्काळात आमचे वडील खडी फोडायच्या कामावर जात. दुष्काळ सरल्यावर त्यांनी ती कोय लावली आणि आईने डोक्यावरून पाणी आणून जगवली. आंबा खायला आंबटच, पण लोणच्याला असा की विचारू नका. हे वाचणाऱ्या नातेवाइकांपैकी निम्म्यांच्या बरण्या त्या झाडाने भरलेल्या आहेत. तीन वर्षांपूर्वी त्याच्या खोडाला भोकं दिसू लागली आणि बुंध्याशी भुसा पडू लागला. भिरूड! या किडीची अळी खोडात शिरते आणि आतल्या आत पोखरत जाते. वरून झाड हिरवंगार दिसतं, म्हणून आपण गाफील राहतो. आम्ही भोकांत तार घालून अळ्या काढल्या, औषधाचे बोळे कोंबले, वरून चिखल लिंपला. पण उशीर झाला होता. मागच्या वर्षी झाड पूर्ण वाळलं. खोलीवर पडायची भीती होती, म्हणून तोडायचं ठरवलं.

इथे एक गोष्ट सांगतो. आंबा, चिंच, जांभूळ अशी झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. स्वतःच्या शेतातलं असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. आम्ही रीतसर अर्ज केला, पाहणी झाली, परवानगी मिळाली, मगच हात लावला. गावातल्या एका मित्राने चेष्टा केली, "सर, शेजारी हिवऱ्यात कुऱ्हाडबंदी, आणि तुम्ही तर कुऱ्हाडीचा बाप घेऊन आलात." हिवरे बाजारचं नाव तुम्ही ऐकलं असेलच. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले, आणि पुढे त्या गावाने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी, नशाबंदी आणि श्रमदान अशी पंचसूत्री धरली. एके काळचं उजाड गाव हिरवं झालं. मित्राची चेष्टा मला लागली, खोटं कशाला सांगू? पण वाळलेलं झाड होतं.

'कुऱ्हाडीचा बाप' म्हणजे चेनसॉ. आमच्याकडे सगळे त्याला 'कटर' म्हणतात. मुलाने पुण्याहून घेऊन दिला. पेट्रोलवर चालतो. एक लांब पोलादी पट्टी, तिच्या कडेने सायकलच्या चेनसारखी दातेरी साखळी गरगर फिरते आणि लाकडात लोण्यासारखी शिरते. त्याला दोन टाक्या असतात. एकीत टूटी ऑइल मिसळलेलं पेट्रोल, दुसरीत साखळीला लागणारं ऑइल. ही दुसरी टाकी म्हणजे या गोष्टीतलं मुख्य पात्र.

कटर चालवायला माझा एक जुना विद्यार्थी आला होता. नाव लिहीत नाही, त्याला ते आवडणार नाही. चाळिशी ओलांडली आहे, मुलं कॉलेजात जातात, तरी माझ्या तोंडी तो 'पोरगा'च. वर्गात मागच्या बाकावर बसायचा, फारसा बोलायचा नाही. आता आसपासच्या चार-पाच गावांत लाकूड कापायची कामं करतो. मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्याने दोन दिवसांत आंबा उतरवला. खोलीच्या एका पत्र्यालाही धक्का लागू दिला नाही. कामाचे पैसे घेताना संकोचला. "सर, तुमच्याकडून कसं घेऊ?" मी रागावून दिले. तो गेला, मी खोलीला कुलूप घातलं आणि नगरला आलो.

पुढे पाडवा झाला, पाहुणे आले, माझा गुडघा दुखावला. शेतावर जाणं झालं ते थेट एप्रिलच्या मध्यात.

दार उघडलं आणि आधी वास आला. मग दिसलं. फळीवर कटर ठेवलेला, त्याच्या खाली भिंतीवरून एक काळपट ओघळ उतरलेला, आणि त्या ओघळाच्या शेवटी बियाण्याच्या ज्वारीची गोणी. गोणीचा एक खांदा आणि एक बाजू तेलाने काळी झालेली. हात लावला तर चिकट. वीस किलो मालदांडी होती. बाजारचं बियाणं नव्हतं ते. आमच्या सौ. दर वर्षी कापणीच्या आधी स्वतः रानात फिरून चांगली कणसं हेरतात, वेगळी काढतात, वेगळी बडवतात. आधी आमची आई हे करायची, तिच्यापासून त्यांनी घेतलं. म्हणजे ती गोणी नुसती गोणी नव्हती.

मी तिथूनच पोराला फोन लावला. तो जवळच कामावर होता, दहा मिनिटांत मोटारसायकलवरून आला.

"हे बघ काय केलंस," मी म्हणालो.

त्याने वर बघितलं, खाली बघितलं. काही बोलला नाही.

"टोपण नीट लावलं नव्हतंस ना?"

"लावलं व्हतं, सर."

"मग हे तेल काय आभाळातून पडलं? मशीन तू चालवलंस, तू ठेवलंस. जबाबदारीने काम करायला नको का? किती वेळा सांगितलं असेल वर्गात!"

मंडळी, तीस-बत्तीस वर्षं वर्गात उभं राहून माणसाला एक आवाज येतो. तो निवृत्त होत नाही. त्या आवाजात मी आणखी काय काय बोललो ते लिहीत नाही. पोरगा मान खाली घालून उभा राहिला, अगदी दहावीत उभा राहायचा तसा. शेवटी एवढंच म्हणाला, "ज्वारी भरून देतो, सर."

"भरून देण्याचा प्रश्न नाही. लक्ष देण्याचा प्रश्न आहे," असं एक भारदस्त वाक्य टाकून मी विषय संपवला. तो गेला.

घरी आल्यावर सौ.ना सगळं सांगितलं. त्या ज्वारीसाठी हळहळल्या. मग थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून विचारलं, "अहो, तुम्ही त्याला विचारलंत, की नुसतं सांगितलंत?"

मी उत्तर दिलं नाही.

त्या आठवड्यात पोराचा फोन आला नाही. एरवी तो दोन-चार दिवसांनी करतो. 'पाऊस झाला का, विहिरीला पाणी किती' असं काहीबाही बोलणं होतं. मी स्वतःला सांगत होतो, की कामात असेल.

रविवारी मुलगा गाडी घेऊन आला, त्याच्याबरोबर कटर नगरला आणला आणि दुरुस्तीवाल्याकडे नेला. म्हटलं, टाकी फुटली आहे की काय ते बघून घ्यावं. त्या गृहस्थांनी मशीन उलटंसुलटं केलं, टोपण फिरवून बघितलं आणि म्हणाले, "सर, याला काही झालेलं नाही. ठेवला की थोडं गळणारच."

"गळणारच म्हणजे? नवीन मशीन आहे!"

मग त्यांनी मला बसवून समजावलं. इतकं छान समजावलं, की वाटलं हा माणूस शिक्षक व्हायला हवा होता. मोटारीच्या इंजिनात ऑइल फिरून फिरून पुन्हा खाली येतं, तेच तेच वापरलं जातं. चेनसॉचं तसं नाही. इंजिनाबरोबर एक छोटा पंप फिरतो, तो टाकीतलं ऑइल पट्टीच्या खाचेत ढकलतो, तिथून ते साखळीला लागतं, आणि साखळी वेगाने फिरते तेव्हा ते लाकडावर, भुशावर, हवेत उडून जातं. परत काही येत नाही. म्हणजे बाहेर जाण्यासाठीच ते तेल टाकीत भरलेलं असतं. बाहेर जायची वाट कायम उघडीच. त्या वाटेवर घट्ट बंद होणारा नळ बहुतेक मशीनांत नसतो. पंप थांबला की प्रवाह थांबतो इतकंच, पण पंपाच्या फटीतून थेंब थेंब झिरपू शकतं.

"पण अर्धी टाकी रिकामी व्हावी?" मी विचारलं.

"कुठे ठेवला होता?"

"पत्र्याच्या खोलीत. फळीवर."

"एप्रिलमध्ये?" ते हसले.

त्या हसण्याचा अर्थ मला पुरता कळला नाही. माझे विषय मराठी आणि इतिहास. म्हणून संध्याकाळी आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना गाठलं. तेही आता पंच्याहत्तरीचे. त्यांनी पेन्सिल घेऊन वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर गणित मांडलं. टाकी अर्धी रिकामी, म्हणजे अर्ध्या टाकीत हवा. समजा अर्धा पाव, म्हणजे सव्वाशे मिलीलिटर. पहाटे खोलीत २२ अंश, दुपारी तापलेल्या पत्र्याखाली ४५ अंश. हवा तापली की फुगते, आठवीच्या पुस्तकातली गोष्ट. एवढ्या फरकाने ती जवळजवळ आठ टक्के फुगते. सव्वाशेचे आठ टक्के म्हणजे दहा मिलीलिटर, दोन चहाचे चमचे. टाकीला श्वास घ्यायला एक बारीक झडप असते. ती बाहेरची हवा आत घेते, पण तेल सांडू नये म्हणून आतलं सहज बाहेर सोडत नाही. मग फुगलेली हवा काय करणार? ती तेलाला दाबते, आणि तेल त्याला मोकळी असलेल्या वाटेने, पंपातून, बाहेर पडतं. शिवाय उन्हाने तेल पातळ झालेलं असतं, हिवाळ्यातलं तूप आणि उन्हाळ्यातलं तूप आठवा. रात्री गारवा पडला की हवा आक्रसते, झडपेतून नवी हवा आत येते, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तोच खेळ. दर वेळी अगदी दोन चमचे येतील असं नाही, काही हवा निसटतेही. पण टाकी जितकी रिकामी होत जाते, तितकी आतली हवा वाढते.

"सर, तुमची टाकी दीड महिना श्वास घेत होती," विज्ञानाचे सर म्हणाले. "कोणी काही सांडलेलं नाही."

तरी माझं मन मानेना. मनुष्यस्वभाव बघा! एकदा एखाद्यावर ठपका ठेवला, की तो खरा ठरावा असं आपल्यालाच वाटू लागतं. म्हटलं, टोपणातूनही गळलं असेल. मग मी प्रयोग करायचं ठरवलं.

आधी कटर नीट पुसला. साखळीच्या चाकावरचं झाकण काढलं तर आत तेलात भिजलेला आंब्याचा भुसा गच्च बसलेला, ओल्या पेंडीसारखा. तो खरवडून काढला. (पुष्कळदा टाकी शाबूत असते आणि हा भुसाच दोन दिवस ठिबकत राहतो, हे मला नंतर कळलं.) मग सगळं कोरडं करून, टाकीत अर्धं ऑइल ठेवून, टोपण लावलं आणि टोपणाच्या भोवती खडूची पूड चोळली. जुन्या खडूंचा डबा आमच्याकडे अजून आहे, सौ. रांगोळीला वापरतात. खडूच्या पुडीवर तेलाचा अंशही लागला तरी लगेच काळी रेघ उमटते. खाली वर्तमानपत्र पसरलं आणि कटर गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघितलं. कागदावर रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठा डाग, पट्टी जिथे मशीनला जोडलेली असते त्याच्या बरोबर खाली. टोपणाभोवतीची पूड मात्र पांढरीशुभ्र.

पुढच्या रात्री तोच कटर तसाच घरात, थंड फरशीवर, नव्या कागदावर ठेवला. सकाळी एक थेंब. तिसऱ्या दिवशी टाकी पूर्ण रिकामी केली, पट्टी रात्रभर निथळू दिली आणि पुन्हा गच्चीवर ठेवला. डाग नाही.

पांढरी राहिलेली ती खडूची पूड बघून मी बराच वेळ गच्चीत बसून होतो. आयुष्यभर त्या खडूने मी फळ्यावर लिहीत आलो. बरोबर-चूक ठरवत आलो. वर्गात शाई सांडली की माझा पहिला प्रश्न ठरलेला असे, "कोणी सांडली?" मग कोणीतरी उभं राहायचं, किंवा इतरांनी बोट दाखवलेलं मूल उभं राहायचं. प्रकरण मिटायचं. दौत बाकाच्या उतरत्या कडेवर ठेवली जात होती का, बाकाचा पाय डगमगत होता का, हे मी कधी बघितलं? एकदाही आठवत नाही. 'कसं सांडलं' हा प्रश्न विचारायला वेळ लागतो. 'कोणी' म्हटलं की काम लगेच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने गावाला गेलो आणि तडक पोराच्या घरी. त्याची बायको दारात आली, "सर, तुम्ही? आत या ना." पाणी दिलं, चहा ठेवला. पोरगा मागून हात पुसत आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. मी म्हटलं, "आधी बस." तो बसेना. मग मीच उठून उभा राहिलो. म्हटलं, "माझं चुकलं. टोपण तू नीटच लावलं होतंस. मशीनच तसं आहे. मी न बघता तुला बोललो."

तो इतका ओशाळला की मलाच कसंतरी झालं. "जाऊ द्या सर, तुमी बोलला तर काय झालं."

"तुला माहीत होतं ते गळतं म्हणून?"

"कटर तर गळतोच, सर. सगळ्यांचेच गळत्यात. म्हणून तर मी दाराशी खाली ठेवला व्हता, घमेल्यात."

घमेल्यात!

मंडळी, तेव्हा कुठे मला आठवलं. झाड उतरवल्यावर त्या संध्याकाळी कटर खरंच दाराशी, जमिनीवर, एका जुन्या घमेल्यात ठेवलेला होता. कुलूप लावण्याआधी मीच तो उचलला. वाटलं, दाराच्या फटीतून कोणाला दिसेल, चोरीला जाईल. फळीवर ठेवला. घमेल्यात बुंध्याशी साचलेला भुसा भरून बाहेर टाकला आणि घमेलं बाहेरच पालथं घातलं. फळीखाली ज्वारीची गोणी होती, तीही मीच तिथे लावलेली. यातलं काहीही पोराने केलं नव्हतं. मी ते इतकं साफ विसरलो होतो, की फोन करताना माझ्या मनात शंकासुद्धा आली नाही.

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस?"

त्याने खाली बघितलं. "तुमी बोलत व्हता ना, सर."

यावर मला काही सुचलं नाही. चहा आला, आम्ही प्यायलो. जाताना त्याची बायको एक पिशवी घेऊन आली. आत ज्वारी होती, पाच-सहा किलो. भरून द्यायची म्हणून त्याने खरोखरच काढून ठेवली होती. मी ती घेतली नाही. मग वाटलं, न घेणं हाही एक प्रकारचा मोठेपणाच झाला. म्हणून ओंजळभर घेतली आणि सौ.ना नेऊन दिली.

आता उपयोगाचं सांगतो. यातलं निम्मं दुरुस्तीवाल्यांचं, निम्मं त्या पोराचं. मी फक्त लिहून काढतो आहे.

चार-आठ दिवसांत पुन्हा लागणार असेल तर काम झाल्यावर मशीन गार होऊ द्यावं, ऑइलचं टोपण एकदा सैल करून आतला दाब सोडावा, कडेचा भुसा पुसून टोपण पुन्हा घट्ट लावावं. टोपणाच्या रबरी वळ्यात भुशाचा एक कण अडकला तरी तिथून गळतं. खाली घमेलं किंवा जाड पुठ्ठा ठेवावा. महिनाभर किंवा जास्त ठेवायचं असेल तर ऑइल टाकीतून काढून बाटलीत भरावं. पेट्रोलही काढावं, आणि उरलेलं संपून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावं. साखळी आणि पट्टी सोडवून साफ करावी. साखळी कोरडी ठेवली तर गंजते, म्हणून तिला हलका तेलाचा हात लावून डब्यात ठेवावी. मशीन सावलीत, पत्र्यापासून लांब ठेवावं. आणि धान्य, बियाणं, जनावरांची पेंड यांच्या वर कधीही ठेवू नये. हे शेवटचं वाक्य लिहिताना हात जरा थांबला.

एवढं करूनही रोज मोठं थारोळं साचत असेल, तर मात्र टाकीपासून पंपाकडे जाणारी रबरी नळी चिरली असेल किंवा टाकीलाच तडा गेला असेल. ते दाखवून घ्यावं. आधी पुसून, खडूची पूड लावून, कागदावर ठेवून बघा, म्हणजे कुठून गळतं ते दुरुस्तीवाल्याला नेमकं सांगता येईल.

आणखी एक. आमच्या भागात बरेच जण साखळीला गाडीतून काढलेलं जळकं ऑइल घालतात, फुकट मिळतं म्हणून. मीही तेच घालायला सांगणार होतो, पोरानेच नको म्हटलं होतं. ते तेल पातळ असतं, साखळीला धरून राहत नाही, त्यात धातूचा कीस असतो आणि हाताला वारंवार लागणं कातडीला चांगलं नाही. साखळीचं खास ऑइल चिकट असतं ते मुद्दाम. आपल्या शेतातच ते उडणार आणि मातीतच जाणार, हेही लक्षात घ्यायला हवं. युरोपात त्यासाठी मोहरीच्या जातीच्या बियांपासून केलेलं, मातीत विरघळून जाणारं तेल वापरतात. मात्र तसलं तेल टाकीत महिनोन्महिने राहिलं तर घट्ट होऊन बसतं, म्हणून तेही काढूनच ठेवावं लागतं.

मुलाने या सगळ्या प्रकारात मला एक गंमत सांगितली, ती तुम्हालाही सांगतो. आजच्या चेनसॉच्या साखळीचे दात ज्याने शोधले तो जोसेफ कॉक्स नावाचा अमेरिकेतला लाकूडतोड्या. १९४६ साली ओरेगॉनच्या जंगलात एका ओंडक्यात त्याला भुंगेऱ्याची अळी दिसली. ती लाकडाचे तंतू उभे-आडवे कसेही असोत, डावीकडे-उजवीकडे जबडा चालवत सरळ पोखरत जात होती. त्यावरून त्याने एक दात डावा, एक उजवा अशी साखळी बनवली. म्हणजे बघा, वडिलांनी लावलेला आंबा आधी अळीने पोखरला, आणि मग अळीकडूनच शिकलेल्या साखळीने कापला. ही गोष्ट पोराला सांगितली तर तो म्हणाला, "मग भिरडाचीच अवलाद की वो ही, सर." आणि खूप दिवसांनी मोकळा हसला.

राहिली ज्वारी. तेलाने माखलेला भाग वेगळा काढून खड्ड्यात पुरला. जनावरांना घालायला सौ.नी साफ नकार दिला, ते योग्यच होतं. उरलेल्या कोरड्या ज्वारीतले शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. माखलेल्यातलेही शंभर वेगळ्या गोणपाटात, नुसतं बघायला म्हणून. रोज पाणी शिंपडलं. पाचव्या दिवशी उघडलं. कोरड्यातले ८९ उगवले होते, माखलेल्यातले २७. ते २७ कोंब बघून सौ. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "इतकं होऊनही आलेत की हो."

पेरणीपुरतं बियाणं उरलं आहे. हस्त नक्षत्रात पेरू. पोराकडून आणलेली ओंजळ सौ.नी त्यातच मिसळली.

घमेलं आता खोलीत दाराशी ठेवलं आहे. कटर पोराकडेच ठेवायला दिला आहे, त्याच्या घरी मातीच्या भिंतींची गार खोली आहे. लागेल तेव्हा तोच घेऊन येईल. त्याचा फोन परवा आला होता. पावसाचं विचारत होता.

असो. फार लांबलं. तुमच्याही हातून असं कोणावर उगाच रागावणं झालं असेल, आणि तो माणूस अजून जवळपास असेल, तर या आठवड्यात जाऊन या. बरोबर काही न्यायची गरज नाही.